घरात माणसं किती

खाज लपवता येते, हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. सोळा वर्षं म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालणाऱ्या बाईला, माणसं काय काय लपवतात हे कोणी शिकवायला नको. उशीखाली कवळी लपवतात, चादरीखाली ओला कपडा लपवतात, मुलाचा फोन आला नाही हे तर हसून लपवतात. पण स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या दिसल्या, तेव्हा त्या लपवाव्यात असं तिच्या मनालाही शिवलं नाही. सकाळी कामावर आल्या आल्या ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि दोन्ही पंजे टेबलावर पसरून म्हणाली, "हे बघा. आज मी कोणाला हात लावत नाही. आधी डॉक्टरांना दाखवू."

मोठ्या बाई म्हणजे त्या वृद्धाश्रमाच्या मुख्य. बावीस खाटा, सात कामवाल्या, एक स्वयंपाकघर आणि वर एक कमिटी, एवढं सगळं त्यांच्या डोक्यावर. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. ताईने ते पाहिलं, पण मनाला लावून घेतलं नाही. पुळ्या पाहून कोण पुढे सरकतं?

दुपारी कातडीचे डॉक्टर आले. त्यांनी फाउंटन पेनातल्या शाईचा एक थेंब ताईच्या मनगटावर टाकला, बोटाने चोळला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. सगळी शाई गेली, पण केसाएवढी एक वाकडी रेघ निळीच राहिली.

"हे त्याचं बीळ," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसणार नाही एवढा किडा असतो. कातडी पोखरून आत राहतो, तिथेच अंडी घालतो. खरूज. रात्री जास्त खाजतं ना?"

"झोपच लागत नाही."

"नाहीच लागणार. त्याला ऊब लागते. तुमचा हुद्दा, पगार, स्वच्छता, काही बघत नाही तो. दोन अंगं जवळ आली आणि बराच वेळ जवळ राहिली की झालं त्याचं काम."

मग त्यांनी खाटेखाटेवर जाऊन सगळ्यांची मनगटं, काखा, कमरा तपासल्या. अकरा जणांना निघाली. सगळ्यात म्हातारे मास्तर, चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, डॉक्टरांना म्हणाले, "बावीसात अकरा. म्हणजे काठावर पास." खोलीत सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांना आता अकरा घरी फोन करायचे होते, आणि पहिला प्रश्न काय येणार हे त्यांना माहीत होतं: आणली कोणी?

संध्याकाळी त्यांनी ताईला पुन्हा आत बोलावलं.

"ताई, मी तुमच्यावर आळ घेत नाही," त्या म्हणाल्या, आणि आळ घेतला. "पण सगळ्यात आधी तुम्हालाच दिसली. आणि माझ्या कानावर असं आलंय, की तुम्ही दर शनिवारी त्या प्रार्थनाघरात जाता, तिथे गर्दीत मांडीला मांडी लावून बसता, तिथल्या पेटीतल्या शाली सगळेच पांघरतात म्हणे."

शनिवारचं प्रार्थनाघर हा तिच्या आठवड्याचा श्वास होता. तिथे एक म्हातारे बुवा उभ्याने देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. मध्येच थांबून थट्टा करत, मध्येच असा सूर लावत की सहा दिवसांचं ओझं पाठीवरून कोणीतरी अलगद उतरवून घेतल्यासारखं वाटे. थंडीसाठी तिथे शालींची एक लाकडी पेटी होती, हे खरं. पण ताई आपली शाल घरूनच न्यायची. तसं सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा, दोनदा तिथली शाल तिनेही घेतली असेल. कोण जाणे. खोटं कशाला बोला.

"कमिटी ठरवेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही कपडे धुण्याच्या खोलीत बसा. आंघोळीच्या कामाला दुसऱ्या कोणाला लावते."

म्हणजे सोळा वर्षांनी ताई माणसांकडून चादरींकडे गेली.

त्या शनिवारी ती प्रार्थनाघरात गेली, पण आत बसली नाही. दारातूनच तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईला म्हणाली, "मला खरूज निघालीय. तुमच्याकडच्या शाली उकळून घ्या. इथूनच लागली असावी." झाडलोटवाल्या बाईने मुकाट्याने पेटी उघडली, छत्तीस शाली अंगणात काढल्या आणि पाणी तापत ठेवलं. आतून बुवांचा सूर येत होता. ताई चपला न काढताच परत फिरली, आणि पुढचे शनिवार त्या रस्त्यालाच गेली नाही.

आता धाकटीविषयी सांगायला हवं. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचा नवरा लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, म्हणून त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. सहा वर्षांपूर्वी तो जो निघून गेला तो जाताना घरातलं शिलाई मशीनसुद्धा गाडीत टाकून घेऊन गेला, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने धाकटीचा हात असा पिरगाळला होता की ती महिनाभर वेणी घालू शकली नव्हती. ताईने बहिणीला आपल्या एका खोलीत आणलं, दोन वर्षं सांभाळलं, मोठ्या बाईंच्या हातापाया पडून इथे कामाला लावलं, आणि मग दोन गल्ल्या सोडून तिला वेगळी खोली पाहून दिली. "तो दारात आला तर घोटभर पाणीही देणार नाही," असं धाकटी ताईच्या गळ्यात पडून म्हणाली होती. ताईने तेव्हा तिचे केस विंचरून दिले होते.

कामावर त्या दोघी जोडीने असत. म्हाताऱ्या माणसाला उचलताना खांद्याकडून ताई, पायांकडून धाकटी. इतर जोड्यांना "एक, दोन, हं" म्हणावं लागे, या दोघींना नाही. मास्तर म्हणत, "तुम्ही उचललं की मला वाटतं मी अजून हलका आहे."

औषधाचा दिवस ठरला. डॉक्टरांनी सातही कामवाल्यांना ओळीत उभं करून समजावलं. एकाच दिवशी, एकाच वेळी, सगळ्यांनी. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, एक बोटभर जागा सोडायची नाही. रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं. अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे उकळायचे, जे उकळता येत नाहीत ते पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवायचे. आठवड्याने पुन्हा तेच.

"आणि फक्त तुम्ही नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरातलं एक माणूस जरी राहिलं, तरी सगळं मुसळ केरात. म्हणून प्रत्येकीने सांगा, घरात माणसं किती. तेवढ्या मलमाच्या नळ्या मिळतील."

मोठ्या बाई यादी करायला बसल्या. स्वयंपाकीणबाईंनी सात सांगितली, त्यात सासूला आधी धरलंच नव्हतं, मग डोक्याला हात लावून आठ केली. "बघा, सासू लक्षातच राहत नाही," असं कोणीतरी मागून म्हणालं. ताईने एक सांगितलं. धाकटीनेही एकच.

पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून जोडीनेच एकमेकींना लावायचं होतं. धुण्याच्या खोलीचं दार लावून दोघी स्टुलांवर बसल्या. आधी धाकटीने ताईच्या पाठीला लावलं, भराभरा, पोळीला तेल लावावं तसं. मग ताईने बहिणीला वळवलं आणि तिचा हात कमरेशी थबकला.

तिथे ताज्या पुळ्या होत्या, त्या असणारच. पण त्यांच्या अवतीभवती जुने डाग होते, काळपट, सुकून गेलेले. कातडीची माहिती ताईला डॉक्टरांएवढी नसली तरी खाटेवर पडून झालेली जखम किती दिवसांची हे ती बोट न लावता सांगे. हे डाग महिन्या-सव्वा महिन्याचे होते. ताईला खाज सुटून पंधरा दिवसही झाले नव्हते.

"हे काय गं?"

"घामोळं आलं होतं मागे," धाकटी म्हणाली. "मेडिकलमधून एक नळी आणून लावली, बसलं. आटप ना ताई, थंडी वाजतेय."

डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलंच. पण ताईने मनाने त्यावर पांघरूण घातलं. आपल्याच बहिणीची पाठ, लहानपणी हिला न्हाऊ घालताना पाहिलेली. ताईने एक बोटभर जागा सोडली नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची खाज उतरली. दुसऱ्यांदा औषध लावून झालं, चादरी उकळून उकळून ताईच्या हातांची सालं निघाली. मास्तर निरोप पाठवत, "चादरींना सांग, मास्तर विचारत होते." आणि महिना सरता सरता मास्तरांच्या मनगटावर नवी रेघ निघाली. मग शेजारच्या आजींच्या काखेत. धाकटी मनगटापर्यंत बाह्या ओढून फिरू लागली.

डॉक्टर या वेळी चिडले. "आभाळातून पडत नाही हे. कोणाच्या तरी घरी कोणीतरी राहिलंय." आणि बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा धुण्याच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या ताईकडे वळल्या. नजरांना आवाज नसतो, पण ताईला तो ऐकू आला. सोमवारी कमिटी बसणार होती. मोठ्या बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी माझ्याकडून सांगेन चांगलं. पण ताई, तुम्ही तिथे जाणं खरंच बंद केलंय ना?"

"केलंय," ताई म्हणाली.

घरी जाताना तिला वाटलं, धाकटी तशी आळशीच. अंथरूण उकळलं नसेल. तिची दुपारपाळी होती आणि खोलीची एक किल्ली ताईकडे असायचीच. जाऊन आपणच उकळून टाकावं, तिला बोल लावण्यापेक्षा ते सोपं. अशी ही बाई. साबण आणि मोठी पिशवी घेऊन ती गेली, आणि किल्ली लावायच्या आधीच दार आतून उघडलं.

दारात ड्रायव्हर उभा होता. बनियन, लुंगी, हातात कंगवा. तो कंगव्याने दंड खाजवत होता.

"या, ताई," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

ताई उंबऱ्याबाहेरच राहिली. आत खुंटीवर त्याचा शर्ट होता, आरशाच्या फळीवर दाढीचं सामान, पलंगावर दोन उशा. दाराशी त्याच्या चपला, टाचांकडून झिजलेल्या. दोन दिवसांचा पाहुणा असा पसरत नाही.

"कधीपासून?"

"तीन महिने होतील." तो खाली बघत होता. दंडापासून मनगटापर्यंत त्याची कातडी ओरबाडून लाल झाली होती. "गाडीवर जातो, येतो. तिथल्या गाद्यांवर कोण कोण झोपतं, त्यातूनच लागलं असणार. मीच आणलं हो हे, मला कळतंय. तिला म्हटलं, मला पण औषध आण. म्हणाली, एकच नळी मिळाली, तुझं नाव सांगितलं तर ताईला कळेल."

ताईला आधी त्याच्याविषयी काहीच वाटलं नाही. ती मनात हिशेब जुळवत होती. तीन महिने. पाठीवरचे डाग. घामोळं.

"आणि ते प्रार्थनाघराचं?" तिने विचारलं. विचारताना तिला उत्तर ठाऊक होतं. पेटीतल्या शालींविषयी वृद्धाश्रमात फक्त एका माणसाला माहीत होतं. मागच्या थंडीत धाकटी एकदा बरोबर आली होती, आणि तिथली शाल तिनेच पांघरली होती.

ड्रायव्हरने कंगवा खाली ठेवला. "त्या दिवशी घरी येऊन रडली ती. म्हणाली, मोठ्या बाई विचारायला लागल्या, तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, हे बरं केलं नाहीस. मी काही साधू नाही ताई, पण हे बरं नाही एवढं मलाही कळतं."

जिन्यात पावलं वाजली. धाकटी पाळी संपवून आली होती. ताईला दारात पाहून ती अर्ध्या पायरीवर थांबली, मग वर आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "तू सांगून का नाही आलीस?"

"चुकलंच माझं," ताई म्हणाली.

"ताई, आत ये ना. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. माझ्याविषयी सगळ्यांनी ऐकलंच आहे. काय काय सांगितलंस?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने भिंतीकडे. मग ती भराभरा बोलू लागली, एका दमात. तो बदललाय. दारू सोडलीय. तू त्याला दारात उभं केलं नसतंस. मी किती दिवस एकटी राहायचं? तुला तुझे बुवा आहेत, तुझा देव आहे, मला संध्याकाळी भिंतीशी बोलायला लागतं. आणि मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी घाबरले, मला वाटलं, तुझं काय, तू इथे सोळा वर्षांची जुनी, तुला कोण हात लावणार? चार दिवस कुजबुजतील आणि विसरतील. माझी नोकरी गेली असती, हा पण गेला असता.

"मला विचारायचं होतंस," ताई म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. भांडले असते. आणि मग तुझ्यासाठी दोन नळ्या मागून आणल्या असत्या." ताईचा आवाज चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "नोकरीचं मी सोडून देते. पण मी त्या दारात जाऊन सांगितलं गं, की तुमच्याकडून मला रोग लागला. त्या माणसांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, मुकाट शाली उकळल्या. महिनाभर मी देवाचं नाव घेताना मनात म्हणत होते, तुझ्याच दारी हे व्हावं? आणि मी तुझ्या पाठीला मलम लावत होते, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

धाकटी रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, ताईला ते ओळखू येत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. हात पुढे जायला निघाला होता, सवयीने. ताईने साबणाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मग डोळे पुसून धाकटी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐक ना. सोमवारच्या आधी मिटवू. तू एक नळी जास्त माग. सांग, तुझ्याकडे कोणी आलं होतं राहायला, गावाकडचं, लांबचं. तुझ्यावर संशय आहेच, त्यात काय फरक पडतो. मी याला लावते, खाज थांबते, सगळं संपतं. कोणाला कळायचं कारण नाही."

ताईने बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखर वाटत होतं, की हे ताईला सांगता येण्यासारखं आहे. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, "अगं, काय बोलतेस?"

ताई जिना उतरली. मागून "ताई, काय सांगणार आहेस?" असं एकदा आलं, दुसऱ्यांदा आलं. तिने वळून उत्तर दिलं नाही, कारण तोवर तिचंही ठरलं नव्हतं. रस्त्याने चालताना मात्र तिला मास्तरांचं मनगट दिसत होतं, कागदासारखी कातडी आणि त्यावर ती रेघ. मास्तरांना रात्री खाजवायलाही बोटांत जोर नव्हता. ते नुसते जागे राहत. बहिणीची लाज झाकायची तर ती मास्तरांच्या कातडीने झाकायची, असा तो सौदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मोठ्या बाईंच्या खोलीत यादी घेऊन बसले होते. ताई आत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "धाकटीच्या नावापुढे एक लिहिलंय. तिथे दोन करा."

मोठ्या बाईंनी मान वर केली. "दुसरं कोण?"

"तिचा नवरा. तीन महिने झाले. त्याला अजून औषध लावलेलं नाही. अंगभर आहे."

डॉक्टरांनी पेन उघडलं, एकाचे दोन केले आणि सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्या दृष्टीने कोडं सुटलं होतं. मोठ्या बाई बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते प्रार्थनाघराचं मला तिनेच..."

"प्रार्थनाघरातल्या माणसांचा काही संबंध नाही," ताई म्हणाली. "तेवढं कमिटीला सांगा. आणि एक चिठ्ठी त्यांच्या नावाने लिहून द्या, मी नेऊन देईन. मला तिथे तोंड दाखवायचंय."

"देते. ताई, मी तुम्हाला..." मोठ्या बाईंनी चिठ्ठीसाठी कोरा कागद पुढे ओढला. "तिचं काय करू? काढू?"

"ते तुम्ही ठरवा. पण आधी दोघांना औषध लावा. आज काढलंत तर ती उद्या तशीच दुसरीकडे कामाला लागेल, आणि तिथेही म्हातारी माणसंच असतील."

डॉक्टर म्हणाले, "हे बरोबर आहे." मोठ्या बाईंनी मान हलवली आणि आवाज जरा सैल करून म्हणाल्या, "मास्तर रोज तुमची चौकशी करतात. हा फेरा संपला की तुम्ही आंघोळीला या. जोडी तीच ठेवू का? तिला ठेवलीच तर? तुम्हा दोघींना एकमेकींची सवय आहे."

सोळा वर्षांत तिने या खोलीत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. एकदाच मागितलं होतं, तेही बहिणीसाठी.

"नको," ती म्हणाली. "दुसरी कोणीही द्या. नवी दिलीत तरी चालेल, मी शिकवीन."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर धाकटी बसली होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. ताईला पाहून तिने बाकावर जागा केली. ताई बसली नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तुला आत बोलावलंय."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे लहानपणी अंधाऱ्या खोलीत जाताना असायचं तसं काहीतरी होतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि कडीला हात लावून थांबली. मागे वळून पाहत राहिली, ताई येतेय का.

ताई जागची हलली नाही.